तीस बाय तीस बाय तीनच्या शेततळ्यात पाणी किती?

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. शेततळं म्हटलं की आपल्याकडे बहुतेकदा हाच आकार डोळ्यांसमोर येतो. यात पाणी किती मावेल असं विचारलं, तर दहातले नऊ जण मोबाईल काढून तीस गुणिले तीस गुणिले तीन करतील आणि सांगतील: २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. गुणाकारात चूक नाही, पण खड्ड्यात एवढं पाणी मावत नाही. बाजूंना एकास एक उतार दिलेला असेल, तर हे शेततळं २१ लाख ९६ हजार लिटरलाच काठोकाठ भरतं. उरलेलं पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर, फक्त कागदावरच असतं.

हा फरक कुठून येतो ते एकदा नीट कळलं, की घनफळातलं अवघड असं फारसं काही उरत नाही. शाळेत इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल अशी सूत्रांची यादी पाठ करून घेतात आणि दहावीची परीक्षा झाली की बहुतेकांच्या डोक्यातून ती जाते. माझ्या मते ती यादी मागाहून आली तरी चालेल. आधी एवढंच कळायला हवं की घनफळ म्हणजे थरांची बेरीज.

कुठलीही गोष्ट मोजायची तर हाताशी एक माप लागतं. लांबीला एक मीटरची काठी, जमिनीला एक मीटर बाजूचा चौरस, आणि एखादी वस्तू किंवा पाणी किती जागा व्यापतं हे मोजायला प्रत्येक बाजू एक मीटर असलेला ठोकळा. हा झाला एक घनमीटर. त्यात बरोबर एक हजार लिटर पाणी मावतं, कारण लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, आणि असे ठोकळे मोठ्या ठोकळ्यात लांबीत दहा, रुंदीत दहा आणि उंचीत दहा बसतात.

आता सरळ, उभ्या भिंतींचा हौद घ्या. तळ ३० बाय ३०, म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यावर एक मीटर पाणी म्हणजे ९०० ठोकळ्यांचा एक थर. तीन मीटरला तीन थर, एकूण २,७००. म्हणजे ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’ हे सूत्र खरं तर ‘एका थराचं क्षेत्रफळ गुणिले उंची’ असं आहे, आणि ते चालतं कारण इथे वरपासून खालपर्यंत प्रत्येक थर सारखाच आहे. पोळ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. सगळ्या पोळ्या सारख्या असतील तर एका पोळीचं क्षेत्रफळ आणि चवडीची उंची यांच्यावर काम भागतं. चवड एका बाजूला कलली तरी काही बिघडत नाही, पोळ्या तेवढ्याच राहतात. पण खालची पोळी वरचीपेक्षा लहान असेल, तर वरची मोजून उंचीने गुणण्यात अर्थ नाही.

शेततळ्याचं नेमकं हेच होतं. मातीच्या भिंती उभ्या ठेवल्या तर पहिल्याच पावसात ढासळतील, म्हणून त्या तिरक्या कापतात. एकास एक उतार म्हणजे एक मीटर खाली जाताना एक मीटर आत यायचं. तीन मीटर खोल गेलो की चारही बाजूंनी तीन-तीन मीटर आत आलो, आणि तळ उरला २४ बाय २४. वरचा थर ९०० चौरस मीटरचा, खालचा ५७६ चा, मधले सगळे यांच्या दरम्यान.

तळ्याचे तुकडे पाडू

सूत्र बाजूला ठेवा. हे तळं कापून वेगळं करता येतं.

मधला भाग सरळच आहे: तळाच्या २४ बाय २४ वर उभा असलेला तीन मीटर उंचीचा हौद. २४ × २४ × ३, म्हणजे १,७२८ घनमीटर.

त्याच्या चार बाजूंना चार पाचरी आहेत. प्रत्येक पाचर २४ मीटर लांब. कापून पाहिली तर तिचा छेद त्रिकोणी, वर तीन मीटर रुंद आणि खाली शून्य. भिंत उभी असती तर तिथे ३ बाय ३ चा चौकोन असता. उताराने तो बरोबर अर्धा केला. म्हणून प्रत्येक पाचर ४.५ × २४, म्हणजे १०८, आणि चार मिळून ४३२.

उरले चार कोपरे, आणि खरी गंमत तिथेच आहे. कोपऱ्यात दोन उतार एकत्र येतात. वर ३ बाय ३ चा चौरस, आणि तो खाली उतरत उतरत एका टोकाशी येऊन संपतो. भिंती उभ्या असत्या तर इथे ३ बाय ३ बाय ३ चा, २७ घनमीटरचा ठोकळा असता. त्यातलं आता किती उरलं? एका उताराने निम्मं होतं, मग दोन उतारांनी पाव होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तिसरा हिस्सा उरतो.

का, ते कागदावर ठोकळा काढून बघा. ठोकळ्याचा एक कोपरा निवडा. ठोकळ्याला सहा बाजू. त्यातल्या तीन त्या कोपऱ्याला चिकटलेल्या आणि तीन त्याच्या समोरच्या. समोरच्या प्रत्येक बाजूचे चारही कोन त्या एका कोपऱ्याला जोडले, की तीन सुळके तयार होतात. तिन्ही अगदी एकसारखे, आणि तिघांत मिळून सगळा ठोकळा संपतो. म्हणजे एक सुळका बरोबर एक तृतीयांश. आपल्या शेततळ्याचा कोपरा हा नेमका असाच सुळका आहे: वरची बाजू हा त्याचा चौरस, आणि तळाचा आतला कोन हे त्याचं टोक. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात ९ घनमीटर, चारांत ३६.

१,७२८ अधिक ४३२ अधिक ३६. बेरीज २,१९६.

दोन्ही दिशांनी न आटणारा भाग पूर्ण मोजायचा, एका दिशेने आटणारा निम्मा, आणि दोन्ही दिशांनी आटत टोकाला जाणारा एक तृतीयांश. शंकूच्या सूत्रातला तो ‘एक छेद तीन’, जो आपण कधीच ‘का’ न विचारता पाठ केला, तोही इथलाच. शंकूही दोन्ही दिशांनी आटत टोकाला जातो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी शेततळं असणाऱ्यांना कामाची आहे. पाणी निम्म्या खोलीवर, म्हणजे दीड मीटरवर आलं, तेव्हा तळ्यात निम्मं पाणी नसतं. वरच्या दीड मीटरमध्ये १,२१९.५ घनमीटर असतं आणि खालच्यात ९७६.५. म्हणजे निम्मी पातळी उतरली तेव्हा ५५ टक्क्यांहून अधिक पाणी संपलेलं असतं. भुसभुशीत जमिनीत उतार आणखी पसरट, दीडास एक द्यावा लागला, तर तळ २१ बाय २१ चा होतो आणि एकूण क्षमताच १,९७१ घनमीटरवर येते. खोदाईचा आणि पाण्याचा हिशेब करताना लांबी-रुंदीइतकाच उतारही विचारून घ्यावा.

भास्कराचार्यांचा खड्डा

दर वेळी असे तुकडे पाडत बसणं कटकटीचं आहे. त्यासाठी तयार नियम आहे, आणि तो ११५० च्या सुमाराच्या एका ग्रंथात मिळतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त खड्ड्यांच्या मापाचा वेगळा भाग आहे. नियम असा: तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या, मग दोन्हींच्या लांबी-रुंदीची बेरीज करून त्या बेरजांचं क्षेत्रफळ घ्या. तिन्ही मिळवा, सहाने भागा, खोलीने गुणा. त्यांचंच उदाहरण एका विहिरीचं आहे: तोंड १२ हात बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा, म्हणजे ६ बाय ५, आणि खोली ७ हात. १२० अधिक ३० अधिक १८ × १५ म्हणजे २७०. एकूण ४२०, भागिले सहा, ७०, गुणिले सात, ४९० घनहात.

आपलं तळं त्यात घालून बघू. ९०० अधिक ५७६ अधिक ५४ × ५४, म्हणजे २,९१६. बेरीज ४,३९२, भागिले सहा ७३२, गुणिले तीन २,१९६. तुकडे पाडून आलं तेच, तंतोतंत.

हा सहा कुठून आला? ५४ ही बाजू म्हणजे मधल्या थराच्या बाजूची, २७ ची, दुप्पट. बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणजे नियम म्हणतोय: वरचा थर एकदा मोजा, खालचा एकदा, आणि अगदी मधला चार वेळा, सहा वजनांची ही सरासरी. नुसती वरच्या-खालच्या थरांची सरासरी काढली असती तर २,२१४ आले असते, आणि नुसता मधला थर घेतला असता तर २,१८७. दोन्ही जवळपास आहेत, पण भास्कराचार्यांचा नियम अचूक आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे. खानदेशातल्या त्या गावाच्या आसपास आज शेततळी खोदणाऱ्यांना हे ठाऊक असायला हरकत नाही.

त्याच ग्रंथात धान्याच्या राशीचंही गणित आहे, आणि ते मला जास्त आवडतं, कारण त्यात उंची मोजायची गरजच पडत नाही. खळ्यावर धान्य ओतलं की रास आपोआप शंकूसारखी होते, आणि तिचा उतार त्या-त्या धान्यासाठी ठरलेला असतो. म्हणून नियम: जाड धान्य असेल तर राशीची उंची तिच्या घेराचा दहावा भाग धरा, बारीक असेल तर अकरावा, कुसळांचं असेल तर नववा. मग घेराचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. ६० हात घेराची जाड धान्याची रास असेल तर उंची ६, घेराचा सहावा भाग १०, वर्ग १००, आणि घनफळ ६०० घनहात. सोबत फक्त दोरी लागते. आजच्या ‘पाय’ने (π, सुमारे ३.१४) हिशेब केला तर ५७३ येतात. फरक सुमारे पाच टक्क्यांचा, आणि तो यासाठी की या सोप्या रीतीत पाय तीन धरलाय. खळ्यावर तोंडी हिशेब करायचा तर एवढं पुष्कळ झालं.

ढिगात हवाही मोजली जाते

बांधकामाच्या साईटवर वाळू, खडी, मुरूम सगळं ब्रासमध्ये चालतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट: दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच. ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजायची, गुणायची, शंभरने भागायचं. मात्र इथे मोजली जाते ती जागा. माल किती, हे त्यावरून थेट कळत नाही. खडीच्या ढिगात दगडांमध्ये पोकळी असते, एक तृतीयांशाहून जास्त, आणि तिचेही पैसे आपण मोजतो.

वाळू त्याहून फसवी. किंचित ओलसर वाळूत प्रत्येक कणाभोवती पाण्याचं पातळ आवरण बसतं आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. तीच वाळू वीस-तीस टक्के फुगू शकते. गंमत म्हणजे तिच्यावर भरपूर पाणी ओतलं, पूर्ण भिजवली, की ती खाली बसते आणि जवळपास कोरड्या वाळूइतकीच जागा घेते. म्हणून घमेल्याने माप घेऊन काँक्रीट कालवणारे जाणकार मिस्त्री ओलसर वाळू असली की एखादं घमेलं वाढवून टाकतात. खोदलेल्या मातीचंही तेच. २,१९६ घनमीटरचा खड्डा खणला तर बाहेरचा ढीग त्याहून मोठा भरतो. ट्रॉलीच्या खेपांवर पैसे ठरले असतील तर खड्ड्याचं माप धरायचं की ढिगाचं, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

धरणाचं पाणी कसं मोजतात

पावसाळ्यात रोज सकाळी टीएमसीचे आकडे येतात. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, शंभर कोटी घनफूट. हजारला हजारने दोनदा गुणलं की हीच संख्या येते, म्हणजे एक टीएमसी हा हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा पाण्याचा ठोकळा आहे. लिटरमध्ये २,८३१ कोटींच्या वर. मराठवाड्यातली वर्तमानपत्रं हेच दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी.

कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. हे सगळं पाणी एका ठोकळ्यात भरलं तर त्याची बाजू किती? एकशे पाच हजार फूट अजिबात नाही, जेमतेम ४,७२० फूट, म्हणजे दीड किलोमीटरच्या आतच. बाजू पावणेपाच पट झाली आणि पाणी १०५ पट. घनफळाची ही खोड लक्षात ठेवावी: सगळी मापं दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट. शेततळ्याची लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट केली तर अस्तराचं प्लॅस्टिक चौपट लागतं, पाणी आठपट मावतं. दर लिटरमागे मोठं तळं स्वस्त पडतं ते त्यामुळे.

धरणातलं पाणी मात्र थेट कुणीच मोजत नाही. मोजतात ती पातळी. धरण बांधण्याआधी खोऱ्याचा नकाशा करतात, त्यावर समान उंचीच्या रेषा काढतात आणि प्रत्येक रेषेच्या आतलं क्षेत्रफळ काढतात. लगतच्या दोन क्षेत्रफळांची सरासरी गुणिले त्यांच्यामधली उंची, हा एक थर. असे सगळे थर तळापासून मिळवत गेलं की एक तक्ता तयार होतो: अमुक पातळी तर अमुक टीएमसी. तळ्याच्या थरांचंच हे गणित, फक्त काठ वेडेवाकडे. रोज सकाळी पट्टीवर पातळी वाचायची आणि तक्त्यात बघायचं.

वरच्या थरांचं महत्त्व किती असतं, ते कोयनेतच दिसतं. पूर्वी तिची क्षमता ९८.७८ टीएमसी होती. वक्र दरवाजांची उंची पाच फुटांनी वाढवली आणि ती १०५.२५ झाली. धरणाची उंची १०३ मीटर; त्यात दीड मीटरची भर, म्हणजे दीड टक्का. पाणी वाढलं साडेसहा टक्के. हा पाच फुटांचा थर ६.४७ टीएमसीचा आहे, म्हणून त्याचं क्षेत्रफळ भागाकारानेच निघतं: जवळपास १२० चौरस किलोमीटर. खडकवासला धरणात काठोकाठ १.९७ टीएमसी मावतं. अशी तीन खडकवासला कोयनेच्या वरच्या पाच फुटांत बसतात.

याउलट जायकवाडी. तिची एकूण क्षमता १०२.७३ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या जवळपास बरोबरीची. पण कोयना सह्याद्रीच्या अरुंद, खोल दरीत आहे आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पैठणजवळच्या सपाटीवर पसरलाय, सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर पूर्ण भरलेल्या कोयनेची सरासरी खोली पंचवीस मीटर येते, जायकवाडीची आठ मीटरच्या थोडी वर. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होतं, घनफळाशी त्याला देणंघेणं नाही. पूर्ण भरलेल्या नाथसागराची पातळी एक सेंटिमीटर उतरली तर साडेतीन दलघमी पाणी जातं, कोयनेत तेवढ्याच घटीला सव्वा दलघमीच्या आत.

उजनीचे उणे टक्के हा प्रकार बाहेरगावच्या माणसाला कोडंच वाटतो. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी मावतं, पण त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या हिशेबात न येणारं तळाचं पाणी, धरलेलं आहे, आणि टक्के मोजतात ते वरच्या ५३.५७ चे. म्हणजे उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही तिच्यात पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या मिळून २९.१५ टीएमसीच्या दुपटीहून जास्त पाणी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली. उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातून २७ टीएमसीच्या आसपास गेलं आणि ३७ च्या आसपास राहिलं.

मिलिमीटर आणि क्युसेकचंही याच हिशेबात भाषांतर होतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. कोयनेचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी धरणात येतं तो भाग, सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पडला तर ३.१५ टीएमसी होतात. काही मुरतं, काही मागाहून येतं, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून ११,५७४ क्युसेकने दिवसभर विसर्ग केला की एक टीएमसी गेलं. सांडव्यावरून ५० हजार क्युसेक सोडल्याची बातमी आली तर दिवसाला ४.३ टीएमसी धरा.

एक अडचण मात्र तक्त्याने सुटत नाही. नदी पाण्याबरोबर माती आणते, ती धरणात बसते, आणि खोऱ्याचा आकार दर वर्षी थोडा बदलतो. पट्टीवरची पातळी तीच, तक्त्यातला टीएमसी तोच, पण थरांपैकी काही आता गाळाने भरलेले. मग होडीतून ध्वनिलहरी सोडून तळ पुन्हा मोजावा लागतो, किंवा पाणी उतरत असताना उपग्रहाच्या चित्रांवरून दर पातळीचं क्षेत्रफळ काढून थर नव्याने मिळवावे लागतात. तो सुधारित तक्ता लागू होईपर्यंत रोजचे टक्के जुन्याच खोऱ्याचे असतात.